आयएसडीएन टर्मिनल अॅडॉप्टरवरून डेटा कॉल: पहिल्या तारेपासून पहिल्या ‘कनेक्ट’पर्यंत

जुन्या बाजारात, बंद झालेल्या ऑफिसच्या कपाटात किंवा कॉलेजच्या दूरसंचार प्रयोगशाळेत आयएसडीएनचा, म्हणजे अंकीय टेलिफोन लाइनचा, टर्मिनल अॅडॉप्टर अजूनही हाताला लागतो; संगणकाला त्या लाइनशी जोडणारा हा डबा. मागे सिरियल पोर्ट, पुढे चार-पाच दिवे, शेजारी वीजपुरवठ्याचा छोटा ठोकळा. दिसायला मोडेमच. आज्ञाही मोडेमसारख्या ‘एटी’ने सुरू होणाऱ्या घेतो. त्यामुळे नवीन माणूस त्याला मोडेमसारखंच वागवतो, आणि ‘नो कॅरिअर’च्या, म्हणजे ‘कॉल जुळला नाही’च्या, पुढे जात नाही.

मी बरीच वर्षं शाखांना मुख्य ऑफिसशी जोडणाऱ्या आयएसडीएन लाइन्सची कामं केली. त्या अनुभवातून हे लिहितोय. पुढचं सगळं बीआरआय लाइन (आयएसडीएनची छोटी, घरा-ऑफिसाची जोडणी) आणि युरो-आयएसडीएन पद्धत (एक्स्चेंजशी बोलण्याची युरोपात ठरलेली रीत) धरून आहे. भारतात आणि युरोपात हीच पद्धत रुजली. अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक वेगळा परिच्छेद आहे.

सार्वजनिक लाइन मिळणं आता अवघड झालंय. जपानमध्ये एनटीटी कंपनीने आयएनएस-नेट या आपल्या आयएसडीएन सेवेचा डिजिटल डेटा मोड २०२४ मध्ये बंद केला, ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने जानेवारी २०२७ ची मुदत दिली आहे. शिकण्यासाठी मात्र सार्वजनिक लाइनच हवी असं नाही. अंतर्गत एस-झीरो पोर्ट (आयएसडीएन यंत्र लावायची जागा) असलेला जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज, मिळवा, त्याच्या दोन पोर्टांवर दोन अॅडॉप्टर लावा आणि एकाच्या एक्स्टेन्शनवरून दुसऱ्याला कॉल करा. खाली सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिथे करून पाहता येते, आणि बिलही येत नाही.

आधी एवढं समजून घ्या

बीआरआय लाइनवर तीन वाटा असतात. दोन बी चॅनल, प्रत्येकी ६४ किलोबिट प्रति सेकंद, आणि एक डी चॅनल, १६ किलोबिटचा. बी चॅनलवर तुमचा मजकूर जातो. डी चॅनलवर अॅडॉप्टर आणि एक्स्चेंज आपसात बोलतात: कॉल लावायचा आहे, या नंबरला, कॉल आला, घेतला, ठेवला.

साधा मोडेम कॉल लावतो तेव्हा एक्स्चेंजला तो माणसाचाच फोन वाटतो. पलीकडे उचलल्यावर दोन मोडेम शिट्ट्या मारून एकमेकांची भाषा जुळवतात, त्यात वीस-तीस सेकंद जातात. आयएसडीएनमध्ये असं जुळवणं नसतं. अॅडॉप्टर डी चॅनलवर ‘सेटअप’ नावाचा संदेश पाठवतो आणि त्यातच सांगून टाकतो की हा कॉल कशाचा आहे: बोलण्याचा, ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओचा, की थेट अंकीय माहितीचा. या नोंदीला बेअरर कपॅबिलिटी म्हणतात. एक्स्चेंज ती वाचून मार्ग निवडतं, आणि पलीकडचं यंत्र ती वाचूनच घंटी वाजवायची की गप्प बसायचं हे ठरवतं. म्हणून एकाच लाइनवर आयएसडीएन फोन आणि अॅडॉप्टर शेजारी शेजारी नांदतात. बोलण्याचा कॉल आला की फोन वाजतो, डेटाचा आला की अॅडॉप्टर उचलतो.

याचा दुसरा अर्थ असा, की डेटा कॉल लावून साध्या टेलिफोनवरच्या मोडेमला गाठता येत नाही. एक्स्चेंजच तो कॉल परत पाठवतं. पलीकडे ॲनालॉग मोडेम असेल, तर आत मोडेमही बसवलेला अॅडॉप्टर लागतो. यूएस रोबोटिक्सचा कुरिअर आय-मोडेम हा त्यातला नावाजलेला.

फोन लावण्याआधीची चिठ्ठी

अॅडॉप्टरला वीज देण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण अर्धी डोकेदुखी इथेच वाचते.

तुमच्या लाइनचा नंबर, आणि एकाहून जास्त नंबर दिलेले असतील तर ते सगळे. यांना एमएसएन म्हणतात. लाइन पॉइंट-टू-मल्टिपॉइंट आहे (एका लाइनवर अनेक यंत्रं) की पॉइंट-टू-पॉइंट (एकच यंत्र). घरी-ऑफिसात सहसा पहिला प्रकार असतो, ईपीएबीएक्सला जोडायच्या लाइनवर दुसरा. बाहेरचा कॉल लावताना शून्य किंवा दुसरा अंक आधी लावावा लागतो का. पलीकडचा नंबर. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची: पलीकडचं यंत्र बी चॅनलवर कोणती भाषा बोलतं.

ही पाचवी नोंद नसल्यामुळे कराडजवळच्या एका शाखेत आमचा सबंध दिवस गेला होता. कॉल लागायचा, पडद्यावर ‘कनेक्ट ६४०००’ यायचं, आणि अर्ध्या मिनिटात तुटायचं. लाइनमनने डीपीवरचे, म्हणजे टेलिफोनच्या जोडपेटीतले, जम्पर दोनदा बदलले. मी केबल बदलली, मग अॅडॉप्टरही बदलला. संध्याकाळी मुख्य ऑफिसच्या माणसाने त्याच्याकडची नोंद वाचून दाखवली तेव्हा कळलं की तिकडे व्ही.१२० लावलेलं होतं आणि इकडे पीपीपी, म्हणजे दोन टोकांना दोन वेगळ्या भाषा. लाइन पहिल्यापासून ठणठणीत होती. त्या दिवसापासून मी चिठ्ठीशिवाय डब्याला हात लावला नाही.

तार

रस्त्यावरून येणारी जोडी दोन तारांची असते, ती यू इंटरफेस. ती एनटी-१ नावाच्या डब्यात जाते आणि तिथून चार तारांची एस बस निघते. अॅडॉप्टर एस बसवर लावायचा, थेट रस्त्याच्या जोडीवर नाही. अपवाद अमेरिकेतल्या काही मॉडेलांचा, त्यांच्या पोटातच एनटी-१ असतो. मागच्या सॉकेटजवळ ‘यू’ छापलंय की ‘एस/टी’, एवढं पाहिलं की उलगडा होतो.

एस बसचं सॉकेट लॅनच्या सॉकेटसारखंच, आठ टोकांचं. वापर मधल्या चारांचाच: ३ आणि ६ ही एक जोडी, अॅडॉप्टरकडून एनटीकडे, ४ आणि ५ दुसरी, एनटीकडून अॅडॉप्टरकडे. लॅनची सरळ पॅचकॉर्ड चालते, क्रॉस केबल चालत नाही. एक फसवी केबलही असते: जुन्या लॅनच्या काही केबलांत १, २, ३, ६ एवढ्याच तारा भरलेल्या असतात. ती लावली तर ४-५ची जोडीच नसते आणि अॅडॉप्टर मुका राहतो. प्लग उजेडात धरून तारा मोजा. आणि एस बसची केबल चुकूनही लॅनच्या स्विचमध्ये खुपसू नका, तिच्यावर वीज असते.

ती वीज तपासायलाही उपयोगी पडते. मेन्सला जोडलेला एनटी-१ बहुधा दोन जोड्यांच्या दरम्यान सुमारे ४० व्होल्ट डीसी देतो. मल्टिमीटरचं एक टोक ३ वर, दुसरं ४ वर ठेवा. ४०च्या आसपास आकडा दिसला तर एनटीपासून इथपर्यंतची तार शाबूत आहे. ३ आणि ६ यांच्यामध्ये मोजलं तर काही दिसणार नाही, आणि दिसूही नये.

बसच्या शेवटच्या टोकाला प्रत्येक जोडीवर १०० ओहमचा रेझिस्टर हवा. अॅडॉप्टर एनटीच्या शेजारीच दोन मीटर केबलवर असेल तर याच्याशिवायही अनेकदा निभावतं. भिंतीतून दहा-वीस मीटर तार फिरवून दोन-तीन सॉकेट काढले असतील तर मात्र रेझिस्टर नसल्याने लाइन मध्येच येते-जाते, आणि असला दोष शोधायला फार त्रास देतो. तपासायचं असं: एनटीची केबल काढा, सगळी यंत्रं काढा, उरलेल्या नुसत्या तारेवर ३-६ मध्ये ओहम मोजा. मग ४-५ मध्ये. दोन्हीकडे १०० आलं तर बरोबर. ५० आलं तर कुणीतरी दोन ठिकाणी रेझिस्टर लावलाय. एका बसवर आठपर्यंत यंत्रं बसतात. कोणती तार ३वर आणि कोणती ६वर, हे मात्र सगळ्या सॉकेटांत एकसारखं हवं, नाहीतर एक यंत्र दुसऱ्याचं बोलणं बिघडवतं.

आता ‘लाइन’चा दिवा. इथे नवा माणूस हमखास घाबरतो. युरो-आयएसडीएनच्या मल्टिपॉइंट लाइनवर काही वेळ कॉल नसेल तर अनेक एक्स्चेंज लाइनला झोपवतात. दिवा विझलेला असतो, आणि दोष काहीच नसतो. कुठलाही कॉल लावून पाहा, लाइन जागी होते, दिवा लागतो. कॉल लावतानाही दिवा विझलेलाच राहिला तरच तारेच्या मागे लागा.

सिरियल पोर्ट

अॅडॉप्टर आणि संगणक यांच्यामधली केबल मोडेमची सरळ केबल असते. टर्मिनल प्रोग्राम कोणताही चालेल: मिनिकॉम, पुट्टी, जुन्या विंडोजवरचं हायपरटर्मिनल. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. फ्लो कंट्रोल हार्डवेअरचा, म्हणजे आरटीएस-सीटीएस. सॉफ्टवेअरचा एक्सऑन-एक्सऑफ ठेवू नका. पीपीपीच्या मजकुरात तीच अक्षरं येऊ शकतात आणि मग संवाद अधूनमधून गोठतो.

वेग किती ठेवायचा याचं गणित एकदा स्वतः करून पाहण्यासारखं आहे. बी चॅनल सेकंदाला ६४,००० बिट नेतो, म्हणजे ८,००० बाइट. सिरियल पोर्टवर मात्र प्रत्येक बाइटला एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट जोडला जातो, आठाचे दहा होतात. म्हणजे पोर्टवर निदान ८०,००० हवेत. ५७,६०० ठेवलंत तर पोर्टच तुंबतो. १,१५,२०० पुरतो. दोन्ही बी चॅनल जोडून १२८ किलोबिट घ्यायचे असतील तर १,६०,००० लागतात, तिथे १,१५,२०० तोकडा पडतो आणि २,३०,४०० देणारा पोर्ट लागतो. दोन चॅनलचे पैसे भरून दीड चॅनलचा वेग मिळाल्याची तक्रार मी अनेकांकडून ऐकली, आणि कारण बहुतेक वेळा हाच पोर्ट. फार जुन्या संगणकात सिरियल पोर्ट चालवणारी १६५५० जातीची यूएआर्ट चिप नसेल, तर त्या वेगाला अक्षरं गळतात.

डब्याशी पहिलं बोलणं

आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना तीच अक्षरं रोमनमध्ये, मध्ये जागा न सोडता, आणि शेवटी एंटर. ‘एटी’ची दोन्ही अक्षरं एकतर मोठी ठेवा किंवा दोन्ही लहान. एक मोठं आणि एक लहान लिहिलं तर बरेच डबे उत्तरच देत नाहीत.

एटी
उत्तर ‘ओके’ आलं पाहिजे. आलं नाही तर केबल, पोर्टचा क्रमांक आणि वेग पाहा. आयएसडीएनपर्यंत आपण अजून पोचलेलोच नाही.

एटीआय
डबा आपलं नाव किंवा फर्मवेअर सांगतो. काही डबे एटीआय१, एटीआय३ अशा आकड्यांना वेगवेगळी माहिती देतात. हे उत्तर चिठ्ठीवर उतरवून घ्या, पुस्तिका शोधताना लागेल.

एटी&एफ
सगळ्या सेटिंग कारखान्यातल्यासारख्या होतात. जुना डबा असेल तर ही पायरी टाळू नका. आधीच्या मालकाचा नंबर आणि भाषा आत तशीच बसलेली असते.

एटी&सी१&डी२
पहिल्या भागामुळे कॉल जोडला गेल्यावरच कॅरिअरचा संकेत संगणकाला जातो. दुसऱ्यामुळे संगणकाने पोर्ट सोडला की कॉल तुटतो. दुसरा भाग विसरलात तर प्रोग्राम बंद केल्यावरही कॉल चालू राहतो, आणि मीटरही.

एटीएस०=०
येणारा कॉल आपोआप उचलू नये म्हणून. शिकत असताना हे असंच ठेवा.

इथपर्यंत सगळे डबे सारखे. यापुढे प्रत्येक कंपनीने आपापल्या आज्ञा केल्यात, आणि पुस्तिकेला पर्याय नाही. शोधायच्या गोष्टी तीनच: एक्स्चेंजची पद्धत, स्वतःचा नंबर, बी चॅनलची भाषा. पुस्तिकेच्या सूचीत हे तीन शब्द बघा. बाकीची शंभर पानं नंतर.

पद्धतीच्या जागी युरो-आयएसडीएन निवडा. पुस्तिकेत ते डीएसएस१, नेट३ किंवा ईटीएसआय या नावानेही असू शकतं, अर्थ तोच.

नंबराच्या बाबतीत एक बारकावा. बाहेर जाणाऱ्या कॉलमध्ये नंबर चुकीचा असला तरी सहसा भागतं, एक्स्चेंज तो बदलून लाइनचा मुख्य नंबर लावतं. येणाऱ्या कॉलमध्ये मात्र अॅडॉप्टर आलेला नंबर आपल्या एमएसएनशी अक्षरशः ताडून पाहतो. पुण्यात तुम्ही ०२० लावून नंबर भरला आणि एक्स्चेंज फक्त शेवटचे आठ अंक पाठवतं, तर अॅडॉप्टर हूं की चूं करणार नाही. एरर नाही, दिवा नाही. अशा वेळी एमएसएन रिकामा ठेवा, कॉल येऊ द्या, आणि पडद्यावर नंबर कोणत्या रूपात येतो ते पाहून तोच भरा.

लिनक्सवर डब्याऐवजी संगणकातलं आयएसडीएन कार्ड असेल, तर जुन्या आयएसडीएन-फॉर-लिनक्समध्ये कार्ड अॅडॉप्टरचंच सोंग घेतं. तिथे स्वतःचा नंबर एटी&ई पुढे लिहायचा, आणि भाषा एस१४ या रजिस्टरमध्ये: ० म्हणजे एक्स.७५, ३ म्हणजे एचडीएलसी, म्हणजे मजकूर चौकटींत बांधून पाठवणं (भाषांची ओळख पुढे आहे). झायझेलच्या ओम्नी.नेट जातीच्या डब्यांत पीपीपीसाठी एटीबी४० अशी आज्ञा आहे. काम एकच, नावं वेगळी.

अमेरिकेतल्या लाइनवर बसलेल्यांसाठी: तिथे नंबराखेरीज एसपीआयडी नावाचा आकडा भरल्याशिवाय एक्स्चेंज दाद देत नाही. नॅशनल आयएसडीएनमध्ये तो अनेकदा दहा आकडी नंबर आणि त्यापुढे ०१०१ असा असतो. प्रत्येक बी चॅनलला सहसा वेगळा. आणि जुन्या मार्गांवर ६४ऐवजी ५६ किलोबिटच मिळतात, तेव्हा वेगही तसा निवडावा लागतो.

बी चॅनलवरची भाषा

कॉल जोडला म्हणजे एक ६४ किलोबिटची नुसती नळी मिळाली. तिच्यातून काय वाहायचं हे दोन टोकांनी आधीच ठरवलेलं असावं लागतं. चार भाषा ओळखून असा.

पीपीपी, असिंक-ते-सिंक बदलासह. इंटरनेट सेवा आणि राउटर जवळजवळ नेहमी ही बोलतात. संगणक पोर्टवर आपल्या नेहमीच्या पद्धतीने पीपीपी पाठवतो, अॅडॉप्टर त्याचं एचडीएलसीच्या चौकटींत रूपांतर करतो. पलीकडे राउटर असेल आणि चिठ्ठीवरची पाचवी ओळ कोरी असेल, तर हीच भाषा आधी लावून पाहा.

व्ही.१२० उत्तर अमेरिकेत जास्त. दोन अॅडॉप्टरच्या दरम्यान अक्षरं जशीच्या तशी पाठवायला सोयीची, चुका झाल्या तर परत पाठवण्याची व्यवस्था आत असते. एक्स.७५चं काम तेच, पण ती जर्मनीतल्या मेलबॉक्सवाल्यांची, म्हणजे फोनवरून गाठायचे संदेश-फलक चालवणाऱ्यांची, आवडती. प्रयोगशाळेत दोन डबे जोडून पहिल्यांदा ‘नमस्कार’ टाइप करून पाहायचा असेल तर या दोघींपैकी एक घ्या, पीपीपी नको.

व्ही.११० जुनी. ९,६००सारखा कमी वेग ६४ किलोबिटमध्ये भरणी घालून बसवते. जीएसएम फोनवरून होणारे डेटा कॉल हिच्यावर चालायचे. आज मुद्दाम निवडायचं कारण उरलेलं नाही.

आता कराडच्या त्या दिवसाचं कोडं सुटेल. व्ही.१२० किंवा एक्स.७५ असेल तर पलीकडच्याशी भाषा जुळल्यावरच अॅडॉप्टर ‘कनेक्ट’ म्हणतो. पीपीपीमध्ये तसं जुळवणं अॅडॉप्टरच्या पातळीवर नसतंच. एक्स्चेंजने नळी जोडून दिली की तो लगेच ‘कनेक्ट ६४०००’ लिहून मोकळा होतो. पलीकडे कुणी भलतीच भाषा बोलत असलं तरीही. म्हणून पीपीपीवर ‘कनेक्ट’ दिसणं म्हणजे डी चॅनलचं काम झालं, एवढंच.

पहिला कॉल, स्वतःलाच

दोन बी चॅनल असल्याचा हा फायदा: एकावरून निघून दुसऱ्यावर परत येता येतं. एस बसवर दोन अॅडॉप्टर लावा, दोघांना वेगळे एमएसएन द्या, दोघांत एक्स.७५ किंवा व्ही.१२० ठेवा. एकावरून

एटीडी आणि पुढे दुसऱ्याचा नंबर

नंबरामध्ये स्वल्पविराम घालू नका. मोडेमच्या सवयीने माणसं ‘शून्य, स्वल्पविराम, नंबर’ लिहितात. इथे डायलटोनची वाट पाहायची नसते, सगळे अंक एकाच संदेशात जातात.

दुसऱ्याच्या पडद्यावर ‘रिंग’ येईल. तिथे एटीए लिहा. सेकंद-दोन सेकंदांत दोन्हीकडे ‘कनेक्ट’. मग एका बाजूला काही टाइप करा, दुसऱ्या बाजूला उमटेल. पहिल्यांदा हे करताना, शिट्ट्या नाहीत, वाट पाहणं नाही, आणि अक्षर बोटाबरोबर पलीकडे दिसतं, तेव्हा फार बरं वाटतं. मला तरी वाटलं होतं.

तोडायला एक सेकंद हात थांबवा, तीन अधिकचिन्हं लगोलग टाइप करा, एंटर न दाबता पुन्हा एक सेकंद थांबा. ‘ओके’ आलं की एटीएच. सार्वजनिक लाइनवर हा कॉलही मीटरवर चढतो, हे ध्यानात असू द्या.

स्वतःचा कॉल लागला म्हणजे तार, डी चॅनल, नंबर आणि दोन्ही बी चॅनल ठीक आहेत. यानंतर दूरचा कॉल अडला तर आपल्या घरातल्या वस्तू संशयातून बाहेर.

पीपीपी चालवणं

आता अॅडॉप्टरची भाषा पीपीपी करा आणि दूरच्या राउटरला टर्मिनलमधूनच हातानेच एक कॉल लावा. ‘कनेक्ट’नंतर पडद्याकडे बघा. लाटेसारखं ~ चिन्ह आणि } हा महिरपी कंस पुन्हा पुन्हा येत असेल, मध्ये कचऱ्यासारखी अक्षरं, तर खूश व्हा. पलीकडचा राउटर पीपीपीची पहिली विचारणा पाठवतोय आणि दर काही सेकंदांनी पुन्हा पाठवतोय. भाषा जुळली. काहीच न येता कॉल तुटला, तर पलीकडच्या माणसाला विचारा की त्याच्याकडे काय लावलंय.

कॉल तोडा, टर्मिनल बंद करा, आणि हेच काम विंडोजच्या डायल-अपला किंवा लिनक्सच्या पीपीपीडीला द्या. विंडोजला अॅडॉप्टर मोडेम म्हणूनच दिसतो. विंडोजला त्याची ओळख देणारी त्याची स्वतःची आयएनएफ फाइल मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर ‘स्टँडर्ड मोडेम’ निवडा आणि जादा सेटिंगच्या रकान्यात भाषेची आज्ञा लिहा. युजरनेम-पासवर्ड पॅपने जातोय की चॅपने (पीपीपीत ओळख पटवण्याच्या दोन रीती), हे पलीकडे विचारून ठेवा.

१२८ किलोबिटसाठी मल्टिलिंक पीपीपी लागतं. अॅडॉप्टर दोन वेगळे कॉल लावतो आणि पीपीपी दोन्ही नळ्यांतून मजकूर वाटून पाठवतं. पलीकडेही मल्टिलिंक चालू असावं लागतं. एका चॅनलवर सगळं स्थिर झाल्याशिवाय हे सुरू करू नका.

कॉल लागत नसेल तर

‘नो कॅरिअर’ या शब्दांवर थांबू नका. एक्स्चेंज कॉल नाकारताना कारणाचा आकडा देतं आणि बरेच अॅडॉप्टर तो दाखवतात. आकडा वाचताना सावध: काही यंत्रं तो दशमानात देतात, काही षोडशमानात, काही त्यात षोडशमान ८० मिळवून. म्हणजे १७, ११ आणि ९१ हे तिन्ही एकच, ‘पलीकडचा बिझी’. आयएसडीएन-फॉर-लिनक्स हेच ई००११ असं लिहितं, शेवटचे दोन अंक कारणाचे.

१ म्हणजे असा नंबर कुणालाच दिलेला नाही. आधीचा शून्य किंवा एसटीडी कोड तपासा. २८ असेल तर नंबराचं रूप चुकलंय. १६ म्हणजे कॉल रीतसर ठेवला गेला. जोडल्यावर लगेच १६ येत असेल तर पलीकडचं यंत्रच तोडतंय, पासवर्ड किंवा भाषा बघा. १८ म्हणजे पलीकडून कुणाचाच प्रतिसाद नाही, १९ म्हणजे घंटी वाजली पण उचलला नाही. ३४ असेल तर मोकळा चॅनल नाही. तुमच्याच दोन चॅनलांपैकी कुणी फोनवर बोलत नाही ना, हे आधी पाहा.

५७, ५८, ६५ आणि ८८ ही चौकडी बेअरर कपॅबिलिटीची. ५७ म्हणजे तुमच्या लाइनला डेटा कॉलची परवानगीच दिलेली नाही. हे एक्स्चेंजमधूनच दुरुस्त होतं, तक्रार करताना हा आकडा सांगा. ‘लाइन चालत नाही’ असं सांगितलं तर लाइनमन येईल, फोन लावून बघेल, बोलणं होईल, आणि तक्रार बंद होईल. ५८ म्हणजे या घडीला तशी वाट उपलब्ध नाही, ६५ म्हणजे तिथे ती सोयच नाही. ८८ म्हणजे पलीकडचं यंत्र या प्रकारच्या कॉलचं नाही. तुम्ही डेटा कॉल लावलाय आणि तिकडे फोन किंवा फॅक्स बसलाय.

आकडाच येत नसेल आणि लाइनचा दिवाही कॉल लावताना लागत नसेल, तर पुन्हा मल्टिमीटर घ्या.

बिल

आयएसडीएनचा कॉल एक-दोन सेकंदांत लागतो, म्हणून संगणकाला हवा तेव्हा आपोआप लावू द्यायचा मोह होतो. इथेच लोक भाजले. ऑफिसच्या लॅनवर विंडोजची यंत्रं एकमेकांना हाका मारत असतात. त्यातली एखादी हाक बाहेरच्या वाटेला लागली की कॉल लागतो, आणि थोड्या थोड्या वेळाने लागतच राहतो. रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा. एका संस्थेत सोमवारी सकाळी मी लॉग उघडला तेव्हा शनिवार दुपारपासून कॉल जवळजवळ अखंड चालू होता, आणि काम एका पैचंही झालेलं नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून निष्क्रियतेची मुदत घाला. पीपीपीडीमध्ये ‘आयडल ३००’ लिहिलं की पाच मिनिटं काही हालचाल नसेल तर कॉल तुटतो. मात्र त्या हाकाही हालचालीतच मोजल्या जातात, तेव्हा त्या बाहेर जाणार नाहीत असा फिल्टर लावा. आपोआप कॉल लावणं बंद ठेवून आठवडाभर हातानेच लावा. मल्टिलिंकमध्ये मीटर दोन धावतात, हेही हिशेबात धरा.

सगळं जमलं की एटी&डब्ल्यू लिहा, सेटिंग डब्यात कायम होते. डब्याची वीज काढा, दहा सेकंदांनी पुन्हा द्या, एटी&व्ही लिहून सेटिंग टिकलीय का पाहा, आणि स्वतःला आणखी एक कॉल लावा. पीपीपीवर ठेवलं असेल तर दुसऱ्या डब्यातही पीपीपी हवं, आणि या वेळी फक्त ‘कनेक्ट’ पाहायचा. तो आला की ती पाच ओळींची चिठ्ठी, भाषेच्या आज्ञेसकट, डब्याच्या खालच्या बाजूला चिकटवून टाका.